सिंड्रेलाचे वडील जिवंत आहेत

पत्र

ताई, मी १९ वर्षांची, नाशिकला एस. वाय. बी. ए. करते. दोन वर्षांपासून एका गाजलेल्या कोरियन मालिकेतल्या जोडीवर मराठीत फिक (फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्याने रचलेली गोष्ट) लिहिते, एका ॲपवर आणि एओथ्रीवर (चाहत्यांच्या लेखनाची वेबसाइट). सगळ्यांत मोठी फिक म्हणजे सिंड्रेला एयू (त्याच पात्रांना सिंड्रेलाच्या जगात नेऊन लिहिलेली) : ४२ भाग, ७८ हजार शब्द. नायिका गंगापूर रोडला राहते, वडील पहिल्याच भागात अपघातात जातात, बॉल म्हणजे फार्महाऊसवरची पार्टी. वाचक म्हणतात, पुस्तक कर. मैत्रीण म्हणते, जोडी दुसऱ्याची, गोष्ट दुसऱ्याची, तुझं काय त्यात? नावं बदलली तर चालेल का? शिवाय ३१व्या भागात मी दोघांना वेगळं केलं तेव्हा शिपवाले (ही जोडी एकत्रच हवी म्हणणारे वाचक) इतके चिडले की महिनाभर मी ॲप उघडलं नाही. आणि एक प्रकाशक पुस्तक काढायला ३५ हजार मागतोय. सोबत पहिले तीन आणि शेवटचे दोन भाग जोडते, बाकीच्या भागांची लिंकही देते.
— एका चपलेची मुलगी, कॉलेज रोड

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या मैत्रिणीने दोन वेगळ्या वस्तू एकाच पिशवीत भरल्या आहेत. जोडी दुसऱ्याची, हे बरोबर. गोष्ट दुसऱ्याची, हे चूक. ‘तुझं काय त्यात’ याचं उत्तर आज थोडंच आहे, पण जे आहे ते चांगलं आहे. नायिका सावत्र बहिणीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करून देते आणि मुद्दाम एक आकृती चुकीची काढते, तो प्रसंग ना मालिकेतला आहे ना परीकथेतला. तो तुझा आहे. असे प्रसंग किती निघतात, यावर पुस्तक ठरेल. नावं बदलून ठरणार नाही.

आधी गोष्ट कोणाची ते पाहू. घरात राबणारी मुलगी, एका दिवसाचं वेगळं रूप, हरवलेलं पादत्राण आणि त्यावरून लागलेला शोध, ही कथा चीनमध्ये नवव्या शतकातच लिहून ठेवलेली आहे. तिथे मुलीचं नाव ये श्येन आणि तिच्या मदतीला येतात माशाची हाडं. नेपल्सच्या बासिले या लेखकाच्या १६३४ ते १६३६ मध्ये छापलेल्या संग्रहात ती आहे, फ्रान्समध्ये पेरो या लेखकाने १६९७ मध्ये छापली, जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कथेचा क्रमांक एटीयू ५१० ए आहे. हा क्रमांक टाकून शोधलंस तर देशोदेशीची रूपं सापडतील. एवढ्या जणांनी सांगितलेली गोष्ट कोणा एकाची मालमत्ता नाही.

पण तू यातली कुठलीच वाचलेली नाहीस. तू पाहिलाय तो १९५० चा डिस्नेचा सिनेमा, आणि तुझ्या भागांत त्याच्या खुणा जागोजागी आहेत. वडील सुरुवातीलाच वारतात. बहिणी पार्टीआधी नायिकेचा ड्रेस ओढून फाडतात. सावत्र आई तिला गच्चीवरच्या खोलीत कोंडते. शेवटी सावत्र आई पाय आडवा घालून सँडल फोडते आणि नायिका पिशवीतून दुसरी काढते. दुसरी काढणं तेवढं पेरोकडे आहे, बाकीचं यातलं एकही पेरोकडे किंवा ग्रिमकडे नाही. ही सिनेमाने घातलेली भर आहे, म्हणजे तिला नाव आणि गाव असलेला मालक आहे. भारतीय कायद्यानुसार सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. अमेरिकेत मात्र त्या काळच्या सिनेमांना ९५ वर्षांचं संरक्षण आहे, आणि ॲपवरची गोष्ट तिथेही उघडते. कायदा बाजूला ठेवला तरी सँडल फुटते त्या पानावर वाचकाला तो सिनेमाच आठवतो, तू आठवत नाहीस. लेखिकेसाठी हे नुकसान जास्त मोठं आहे.

म्हणून सगळे भाग छापून घे आणि तीन रंगांचे हायलायटर घेऊन बस. जुन्या लोककथेतलं आहे ते पिवळं. सिनेमातून, मालिकेतून किंवा दुसऱ्या कुणाच्या कादंबरीतून आलंय ते गुलाबी. फक्त तुझं ते हिरवं. पहिल्या बैठकीत सहाच भाग कर. बेचाळीस एकदम घेतलेस तर पंधराव्यापर्यंत डोळा सैल पडतो आणि गुलाबीला हिरवं म्हणायला लागशील. पिवळं आणि हिरवं ठेवायचं, गुलाबी जायचं.

ग्रिमचं मराठी भाषांतर वाचायला घेशील तर एक सांभाळ. मूळ कथा मोकळी असली तरी भाषांतरकाराची वाक्यं त्याची असतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. लोककथा संग्रहांचंही तसंच. दुर्गा भागवत २००२ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. कथेचा सांगाडा घे, वाक्यं उचलू नकोस. आणि तुझ्या सातव्या भागाच्या डोक्यावर कुसुमाग्रजांच्या चार ओळी आहेत, असं तूच तळटीपेत लिहिलंयस. पुस्तकात त्या परवानगीशिवाय नकोत. ते १९९९ मध्ये गेले, तेव्हा हक्क २०५९ च्या शेवटापर्यंत. नाशिकच्या मुलीने त्या ओळी वापराव्यात हे साहजिक आहे, तरीही.

आता जोडीचं. फॅनडममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या जगात, ‘सीरियल नंबर घासून काढणं’ म्हणतात ते तुला माहीतच असेल : नावं, गाव, आडनाव बदलायचं आणि फिक कादंबरी म्हणून विकायची. बहुतेक वेळा फसतं ते इथेच, कारण नाव बदललं तरी माणूस बदलत नाही. ट्रोपवर, म्हणजे गोष्टींत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक कल्पनेवर, कुणाची मालकी नसते. एका छत्रीत दोघं, शत्रूचे प्रेमी होणं, खोटं ठरवलेलं लग्न, स्लो बर्न (सावकाश जमणारं प्रेम), हे सगळं खुशाल वापर. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे : कल्पना, विषय, कथानक यांवर कॉपीराइट नाही, ते ज्या रूपात मांडलं त्यावर आहे. आणि कसोटीही तिथेच दिली आहे. दोन्ही पाहिलेल्या माणसाच्या मनात ‘ही त्याची नक्कल आहे’ असा नि:संशय ठसा उमटतो का?

ही कसोटी तू घरी लावू शकतेस. मालिका मनापासून पाहिलेल्या दोघींना नवा मसुदा दे आणि ती फिक होती हे सांगू नकोस. पन्नास पानांच्या आत त्यांनी मालिकेचं नाव घेतलं तर काम बाकी आहे. ते काम वरवरच्या गोष्टींपासून सुरू करू नकोस. नायकाच्या केसांचा रंग आणि गाडी शेवटी. आधी त्याचं पोट कशावर चालतं ते बदल, मग घरी त्याला कोण ओरडतं ते, मग त्याला कशाची भीती वाटते ते. एवढं बदललं की अर्धे प्रसंग आपोआप मोडतात. सातपूरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा मुलगा काचेच्या केबिनमध्ये उभा राहून खाली शहराकडे बघणार नाही. जे प्रसंग एवढं बदलूनही जागचे हलले नाहीत, ते मालिकेतून आणून चिकटवलेले होते असं समज.

यापुढचं जरा कठीण आहे आणि फिकवरून कादंबरीकडे जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला नडतं. फिकचा वाचक प्रेम घरूनच घेऊन येतो. त्याने त्या दोघांना सोळा भाग पाहिलेलं असतं, त्यांचा आवाज कानात असतो. तू नुसतं लिहिलंस, ‘त्याने मान वळवली’, की तो वाचक विरघळतो, कारण ती मान त्याच्या ओळखीची आहे. कादंबरीच्या वाचकाला ती मान माहीत नाही. तुझ्या तिसऱ्या भागात नायिका त्याच्याकडे पाहते आणि ‘तिचं काळीज थांबलं’. का थांबलं? मजकुरात कारण नाही. ते मालिकेत राहिलं. म्हणून दुसरी परीक्षा उलटी घे : मालिका अजिबात न पाहिलेल्या दोघांना पहिले तीन भाग वाचायला दे, त्यातला एक तरी घरातला मोठा माणूस असू दे. तीनच प्रश्न विचार. ही मुलगी गप्प का बसते? हा मुलगा तिला का आवडला? पुढे वाचलं नाही तर कशाची चुटपुट लागेल? उत्तर देताना अडले की त्या जागी खूण कर आणि काही समजावून सांगू नकोस. पुस्तकाबरोबर तुला पाठवता येणार नाही.

रिटेलिंगमध्ये, म्हणजे जुनी गोष्ट नव्याने सांगताना, सर्वांत जास्त वेळ द्यावा असा भाग हा : पोशाख बदलू नकोस, कारण बदल. बॉलच्या जागी फार्महाऊस, काचेच्या चपलेऐवजी पारदर्शक हिल्स, भोपळ्याच्या जागी कॅब, हे कपडे झाले. कथेत एखादी गोष्ट का घडते, ते कारण बदललं की गोष्ट तुझी होऊ लागते. आणि कारणं शोधायची तर जुन्या रूपांमध्ये जावं लागतं, कारण तिथे अशी भोकं आहेत जी सिनेमाने बुजवून टाकली.

सगळ्यांत मोठं भोक म्हणजे वडील. ग्रिमच्या कथेत सिंड्रेलाचे वडील जिवंत आहेत. जत्रेला जाताना ते तिन्ही मुलींना विचारतात, काय आणू? दोघी कपडे आणि मोती मागतात. ही म्हणते, परतताना तुमच्या टोपीला जी पहिली फांदी घासेल ती आणा. ती फांदी ती आईच्या थडग्यावर लावते, तिचं झाड होतं, आणि कपडे देतं ते हे झाड. ग्रिमकडे परी नाही, भोपळा नाही, बाराचे ठोकेही नाहीत, ते सगळं पेरोचं. पेरोकडेही बाप हयात आहे. मुलगी त्याला काही सांगत नाही, कारण बायकोच्या मुठीत असलेला तो हिच्यावरच डाफरेल. म्हणजे घरात एक माणूस रोज जेवायला बसतो, सगळं बघतो आणि बोलत नाही. तू त्याला पहिल्या भागात अपघातात मारलंस आणि कादंबरीतली सर्वांत दुखरी जागा हातची घालवलीस. बाप मेला की मुलगी दुर्दैवी ठरते. तो जिवंत आणि गप्प असला की तिला रोज ठरवावं लागतं, आज सांगू का? १६–१७ वर्षांच्या वाचकाला हे घर ओळखू येईल. माझं ऐकशील तर त्याला परत आण.

दुसरं भोक सगळ्यांना दिसतं : तो तिच्याबरोबर नाचला आणि त्याला तिचा चेहरा आठवत नाही? बहुतेक जण मुखवटे घालून सोडवतात. नाशिकला मुखवट्यांची गरज काय? आपल्याकडे रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाने भरलेले जमिनीतले हौद, उघडतात. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा. रहाडीतून बाहेर आलेल्या माणसाला सख्खी आईही पटकन ओळखत नाही. चपला काठावर सोडलेल्या असतात, त्या ढिगात अदलाबदल होणं जगातली सर्वांत साधी गोष्ट आहे. आणि बाराच्या ठोक्यांची जागाही तिथेच आहे : प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि तो एका आंघोळीत जात नाही. पेरोकडे रूप मध्यरात्री उतरतं आणि ती निसटते. इथे रंग उतरतच नाही आणि म्हणून ती पकडली जाईल. कारण उलटं झालं की नाही बघ. मुलीने रहाडीत उतरण्यावर घरात काय बोललं जातं, ते तू माझ्यापेक्षा अचूक लिहिशील. हे उदाहरण आहे, जसंच्या तसं घेऊ नकोस. पण फार्महाऊसची पार्टी कुठल्याही शहरात होऊ शकते, ही होऊ शकत नाही, हा फरक लक्षात घे.

आपल्या मुलखातली रूपंही वाच. १८६८ मध्ये मेरी फ्रिअरने ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचा संग्रह इंग्रजीत काढला, त्यातल्या गोष्टी तिला ॲना लिबरेटा डिसूझा या आयाने सांगितलेल्या. पुस्तक आता मोकळं आहे. त्यात सोदेवाबाईची कथा आहे. डोंगरावर फुलं तोडताना तिची सोन्याची चप्पल घरंगळून खाली जंगलात पडते आणि शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडते. पण तिथे लग्नाने गोष्ट संपत नाही. मुलीचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात आहे, आणि राजपुत्राची पहिली बायको तो हार चोरवते. चप्पल मिळाल्यानंतरच खरी गोष्ट सुरू होते. तुझे शेवटचे काही भाग नुसते गोडगोड झालेत, त्यांना इथून बळ मिळेल.

दुसरी, शुक्रवारची कहाणी, तुझ्या आजीला पाठ असेल. श्रीमंत भाऊ गरीब बहिणीला जेवणावळीला बोलावत नाही, ती मुलांना घेऊन जाते आणि पंक्तीवरून अपमान होतो. पुढे तिचे दिवस पालटतात, तोच भाऊ तिला पाटावर बसवतो, आणि ती एकेक पक्वान्न उचलून अंगावरून उतरवलेल्या एकेका दागिन्यावर ठेवते, कारण जेवायला बोलावलंय ते त्यांना. ओळख कपड्यांवरून पटते, ही सिंड्रेलाची मेख इथेही आहे, फक्त इथली मुलगी कुणी आपल्याला शोधावं म्हणून थांबत नाही. तिला बोलता येतं. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आपल्या गावात आहे. तिथे लोकसाहित्याच्या कपाटाबद्दल विचार, सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेले संग्रह माग. चार दुपारी पुरतील.

लांबीबद्दल थोडक्यात. मराठी डेमी (पुस्तकाचा नेहमीचा आकार) पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे तुझे ७८ हजार शब्द पावणेतीनशे पानांच्या आसपास जातील. एवढे लागणार नाहीत. प्रत्येक भागाच्या सुरुवातीची उजळणी आणि शेवटचा धक्का काढलास तरच आठ-दहा हजार गळतील. रोज एक भाग वाचणाऱ्याला ते लागतात, सलग वाचणाऱ्याला उचकी लागल्यासारखं होतं.

शिपवाल्यांचं. ३१व्या भागातली ताटातूट चुकीची नव्हती, चूक टॅगची होती. तू ‘फ्लफ’ असा टॅग लावला होतास, म्हणजे वाचकाला गोडाचं ताट सांगून कारल्याची भाजी वाढलीस. ‘अँग्स्ट’ (दुःख, घालमेल) आणि ‘हॅपी एंडिंग’ हे दोन टॅग आधीपासून असते तर त्याच लोकांनी रडत रडत वाचलं असतं. पुस्तकातही हा करार असतोच. मलपृष्ठावर प्रेमकथा म्हटलं की शेवटी दोघं एकत्र, किमान त्या आशेवर, हवेत. ते नको असेल तर प्रेमकथा म्हणू नकोस. कमेंटमध्ये वाद घालू नकोस. टॅग दुरुस्त कर, भागाच्या वर दोन ओळींची सूचना टाक, आणि धमकी किंवा शिवी असेल तर खुलासा न देता ब्लॉक कर. ‘तू त्यांचा विश्वासघात केलास’ असं लिहिणारी वाचक तुझ्यावर नाही, जोडीवर चिडलेली असते. तिला उत्तर द्यावंच लागतं असं नाही.

नायिका १७ वर्षांची आहे. १८ खालच्या पात्रांचे उघड शारीरिक प्रसंग लिहू नकोस, ॲपवरही नाही आणि पुस्तकातही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये चित्रांबरोबर मजकुराचाही उल्लेख आहे. वय वाढवून १९ केलंस म्हणून आतली शाळकरी मुलगी तशीच ठेवलीस तर वाचकाला ते खटकेल.

पुस्तक निघताना जुनी फिक काढायची का? नवं लेखन खरोखर नवं झालं असेल तर ती वाचकांसाठी फुकट दिलेली भेट म्हणून राहू शकते. ‘दोन्ही सारखी दिसतील’ या भीतीने काढावीशी वाटत असेल, तर अजून एक मसुदा लिहायचाय. काढणारच असशील तर महिनाभर आधी कळव, लोकांनी बुकमार्क केलेलं असतं. एओथ्रीवरचं ‘ऑर्फन’ बटण मात्र दाबू नकोस. त्याने गोष्ट तिथेच राहते, फक्त तुझं नाव तिच्यावरून जातं, आणि ते परत लावता येत नाही. तिथे पुस्तकाची जाहिरात किंवा विक्रीची लिंकही चालत नाही. एका वाचकाने कमेंटमध्ये सुचवलेला वह्यांचा शेवट तू जवळजवळ तसाच घेतला आहेस, तिला विचार आणि ऋणनिर्देशात नाव दे. फॅनआर्ट मुखपृष्ठावर हवं असेल तर काढणारीची लेखी परवानगी घे. तिने प्रेमाने पाठवलं होतं, छापायला दिलेलं नव्हतं.

राहिले ३५ हजार. आत्ता देऊ नकोस, कारण द्यायला मसुदाच तयार नाही. तयार झाल्यावरही आधी पैसे न मागणाऱ्या मराठी प्रकाशकांना तीन प्रकरणं आणि दोन पानांचा सारांश पाठव आणि काही महिने थांबायची तयारी ठेव. हाच प्रकाशक हवा असेल तर लेखी विचार : प्रती किती, उरलेल्या कुणाकडे राहतील, छापील किमतीवर लेखिकेला किती टक्के, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क कुणाचे. आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) वेगळे पैसे लावले असतील तर हे कशाचे ते विचार, भारतात तो क्रमांक विनामूल्य मिळतो. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर ती खोडून मुदत घालायला सांग. आणि करार न पाठवता नुसता खाते क्रमांक पाठवला असेल, तर त्या मेसेजला एकच उत्तर दे : आधी कराराचा मसुदा पाठवा.